शेवटच्या पानावरची चांदणी

वाचनालयातली कादंबरी वाचून झाली की आई शेवटच्या पानावर पेनाने बारीक चांदणी काढायची. तिथल्या सगळ्याच बायका अशा आपापल्या खुणा करत, म्हणजे तेच पुस्तक चुकून पुन्हा घरी यायचं नाही. आता तिला गोष्टी आठवत नाहीत, चांदणी मात्र ओळखता येते. लेखिकांच्या प्रेमकथांचं अख्खं कपाट मी आणून पाहिलं. ती आधी शेवटचं पान उघडते आणि मिटते. "हे झालंय गं. दुसरं आण." डोक्यातलं सगळं पुसलं जावं आणि शाई तेवढी टिकावी, याचा मला संताप येतो.

आज नाइलाजाने बायकांच्या जगण्याचा इतिहास आणला, एका बाईंनीच लिहिलेला. त्यात चांदणी नव्हती. मी वाचू लागले: चुलीपुढे गेलेली वर्षं, उरलंसुरलं जेवण, तुटलेलं माहेर. आई चादर मुठीत धरून ऐकत होती.

"हिला शेवटी न्यायला येतं का गं कुणी?"

पुस्तकभर बायकाच होत्या आणि एकीलाही कुणी न्यायला आलं नव्हतं.

"येतं," मी म्हणाले.

"मग पेन दे," आई म्हणाली, आणि शेवटचं पान उघडून तिने चांदणी काढली.