दोन शिफ्टमध्ये चाललेलं राज्य

पाय मोडला नसता तर मी त्या खेळाकडे पुन्हा वळले नसते. चिखलोलीच्या आमच्या इमारतीत कुणीतरी जिना पुसून तसाच ओला सोडला होता, तिथे मी घसरले. त्या कुणीतरीला मी मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. सहा आठवडे प्लास्टर. एरवी मी बदलापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात असते. दुसऱ्यांनी भरलेली लॉगबुकं तपासायची, चुकांवर लाल पेनाने गोल करायचे आणि वाईटपणा घ्यायचा, हे माझं काम. मला ते मनापासून आवडतं. घरी तपासायला काहीच नव्हतं. आई-बाबा माझ्याजवळच राहतात, पण त्यांच्या चुका काढायची आपल्याकडे सोय नाही.

चौथ्या दिवशी कंटाळून लॅपटॉपवर जुना खेळ शोधला आणि चक्क सापडला. नव्या मशीनवर चालेल असा केलेला, पण चित्रं तीच ठोकळेबाज. आपण एक राजा. सुरुवातीला नकाशा सगळा काळा असतो. एक गाव वसवायचं, शेतं करायची, रस्ते काढायचे, सैन्य उभारायचं, शेजारच्या राजांशी भांडायचं नाहीतर जुळवून घ्यायचं. आपली सगळी कामं झाली की ‘डाव संपवा’ असं बटण असतं. ते दाबलं की बाकीचे राजे आपापल्या चाली करतात आणि पुन्हा आपली पाळी येते. बटण दाबेपर्यंत सगळं जग थांबून राहतं. चहा पिऊन या, झोपून या, दोन दिवसांनी या, शत्रू आपला नदीपलीकडे तसाच उभा.

हल्लीचे खेळ मला सहन होत नाहीत. फोनवर एक घेतला होता, तो दर तासाला हाक मारायचा, या, तुमचं धान्य सडतंय. कारखान्यात तेच, घरी पण तेच? तो मी काढून टाकला. या जुन्या खेळात कुणी हाक मारत नाही. आपण केलेली चूक पंधरा-वीस डावांनी समोर येते, तोवर आपण ती विसरलेलोही असतो. एवढा सावकाश हिशेब चुकता करणारी दुसरी गोष्ट मला तरी माहीत नाही.

मी खेळायला बसले की बाबा शेजारी खुर्ची ओढून बसायचे. चष्मा कपाळावर, हात मांडीवर. ‘‘बाबा, तुम्ही करा ना पुढचा डाव,’’ असं मी दोनदा म्हटलं. ‘‘तू खेळ. मी बघतो,’’ एवढंच. आणि दोन्ही वेळा मी घाईने ‘डाव संपवा’ दाबून टाकलं. कारण हा खेळ मुळात आम्हा दोघांचा होता, आणि बाबांनी तो सोडला तो माझ्यामुळे, असं मला वीसेक वर्षं वाटत आलं होतं. ते खरं आहे का, हे विचारायची हिंमत मला कधी झाली नव्हती. कारखान्यात भल्याभल्यांना घाम फोडणारी बाई मी, घरात हे एक वाक्य तोंडातून निघत नव्हतं.

तेव्हा आम्ही बेलवलीत राहायचो. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. अभ्यासासाठी म्हणून उल्हासनगरहून कॉम्प्युटर जोडून आणला होता, आणि सोबत दुकानातल्या सिंधी काकांनी या खेळाची सीडी दिली होती. ‘‘बेटा, ये मारामारीवाला नहीं है. इसमें बैठ के सोचने का. कोई जल्दी नहीं,’’ असं त्यांनी बजावलं होतं. मारामारी नाही म्हणून मी तोंड वाकडं केलं होतं.

बाबा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत प्लँट ऑपरेटर होते. फर्स्ट, सेकंड, नाईट अशा फिरत्या शिफ्ट, आणि सुट्टी शुक्रवारी. माझी सुट्टी रविवारी. म्हणजे एका घरात राहून आमची गाठ पडायची ती बाथरूमच्या दारात. मी सकाळी कॉलेजला निघाले की ते झोपलेले, मी आले की ते निघालेले. अशात एका शुक्रवारी ते माझ्या खेळात डोकावले आणि मी परत आले तर माझ्या राज्यात दोन नवे रस्ते झालेले! मी चिडले. ते शांतपणे म्हणाले, ‘‘प्लँट एकच असतो, ऑपरेटर तीन असतात. चार्ज नीट दिला की भांडण होत नाही.’’

चार्ज देणं म्हणजे शिफ्ट संपवून जाणाऱ्याने येणाऱ्याला सगळी परिस्थिती सांगणं, आणि ते लॉगबुकात लिहून ठेवणं. बाबांनी दुसऱ्याच दिवशी दोनशेपानी वही आणली आणि पट्टीने रकाने आखले. तारीख. शिफ्ट. काय केलं. पुढच्याने काय बघायचं. पहिल्या पानावर नियमही लिहिले. पान फाडायचं नाही. खाडाखोड नाही, चुकलं तर एक आडवी रेघ मारून सही करायची. आणि तिसरा नियम, खाली दोन रेघा ओढलेला : लॉगमध्ये खोटं लिहायचं नाही, काही झालं तरी.

मग आमचं राज्य शिफ्टमध्ये चालायला लागलं. ‘सेकंड शिफ्ट. उत्तरेच्या गावात विहीर पूर्ण. घोडेस्वार पुलावर आहेत, हलवू नये,’ असं बाबा लिहून जायचे. मी अर्थात ते हलवायचे. माझी नोंद असायची, ‘घोडेस्वार हलवले. मेले. सॉरी.’ त्यावर बाबांची लाल पेनातली टीप : ‘कारण लिहावे.’ समोरासमोर आम्ही महिन्यात जितकं बोललो नसू तितकं त्या वहीत एका आठवड्यात बोलायचो. आई मात्र वैतागायची. तिने त्या कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही. ‘‘दोघं मिळून एक राज्य चालवताय, आणि घरातला गॅस संपलेला कुणाला दिसत नाही,’’ म्हणायची.

बाबांचा खेळ धीट होता. तयारी करायची, पण एकदा निघालं की मागे बघायचं नाही. नवीन वर्ष लागेपर्यंत आम्ही समुद्रापलीकडच्या राजाच्या राजधानीपर्यंत पोचलो होतो. आणि मग जानेवारीत काहीतरी बिनसलं. मी कॉलेजातून यायचे तर सैन्य परत बोलावलेलं. जहाजं बंदरात. ‘सर्व गावांत धान्याची कोठारं बांधायला घेतली. लढाई नको.’ पुढच्या दिवशी, ‘तटबंदी. लढाई नको.’ महिनाभर हेच. मी पुढे ढकलायचे, ते मागे घ्यायचे. फेब्रुवारीत माझं डोकं सरकलं. मी त्यांच्याच लाल पेनाने लिहिलं, ‘तुमच्या शिफ्टमध्ये काही घडतच नाही. दिवसभर करता काय?’

त्याखाली बाबांची नोंद नाही. त्या दिवसानंतर त्यांनी खेळाला हात लावला नाही. विचारलं तर ‘‘डोळे दुखतात’’ म्हणाले. मी थोडे दिवस एकटी खेळले, मग परीक्षा आली. मे महिन्यात बाबांनी सांगितलं की प्लँट बंद झाला, आता उल्हासनगरला जीन्स धुण्याच्या एका युनिटमध्ये सुपरवायझरचं काम मिळालंय. एक प्रकरण संपलं, दुसरं सुरू झालं, असं आम्ही सगळे वागलो. वही माझ्या मार्कलिस्टांच्या फाईलमध्ये राहिली. बापाला असं लिहिल्याची लाज वाटायची, म्हणून मी ती कधी उघडली नाही.

प्लास्टरच्या तिसऱ्या आठवड्यात ती उघडावी लागली, कारण खेळातल्या कळांची यादी बाबांनी तिच्या शेवटच्या पानावर लिहिली होती. यादी बघितली आणि मग सवयीने पहिल्या पानापासून चाळायला लागले. सगळ्यात आधी मला हेच दिसलं की आता मी बाबांसारखी खेळते. इतक्या दिवसांत मी एकही लढाई केली नव्हती. कोठारं भरत होते, तटबंदी करत होते, घाबरट शेजाऱ्यासारखी सगळ्यांशी गोड बोलत होते. विशीत मला हा नुसता भित्रेपणा वाटला असता. चव्वेचाळिशीत कळतं की ज्याला पुढच्या वर्षाची खात्री नसते तो आधी धान्य भरतो.

आणि ते डोक्यात येतंय तोवर माझा तपासणीचा डोळा शिफ्टच्या रकान्यावर अडकला. बाबांच्या नोंदींत तो रकाना कधी चुकायचा नाही, त्या दिवशी कंपनीत जी शिफ्ट असेल ती तिथे असायचीच. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून तो कोरा होता. तारीख आहे, काम आहे, पुढच्यासाठी सूचना आहे, शिफ्ट नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, त्यांच्या शेवटच्या नोंदीपर्यंत सलग कोरा. माझ्या कारखान्यात कुणी असं केलं असतं तर मी त्याला तासभर उभं केलं असतं. इथे मात्र हा कोरा रकाना रोज माझ्या डोळ्यासमोर होता, आणि मी त्याखाली लाल पेनाने टोमणा लिहून मोकळी झाले होते.

बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. मी कुबड्या घेऊन गेले, वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि रकान्यावर बोट ठेवलं.

‘‘हा कोरा का आहे?’’

त्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला. मागचं एक पान उलटून पाहिलं. मग म्हणाले, ‘‘मग काय लिहिणार? शिफ्ट होतीच कुठे?’’

प्लँट मे महिन्यात नाही, जानेवारीत बंद झाला होता. मेंटेनन्ससाठी आठ दिवस म्हणून थांबवला, तो परत सुरू झालाच नाही. बाकीची कंपनी चालू होती, त्यामुळे आजूबाजूला बोभाटा झाला नाही.

‘‘तुम्ही तर रोज जात होतात.’’

‘‘निघायचो घरातून. नाईट बंद झाल्या म्हणून सांगितलं होतं तुम्हाला. फर्स्ट आणि सेकंडच्या टायमाला निघायचो. अर्धा वेळ काम बघत फिरायचो, अर्धा वेळ जांभूळ गावच्या रस्त्याला, पाण्याच्या टाक्यांच्या पुढे एक चिंच होती, तिथे बसायचो. तोंडाने खोटं बोललो तुमच्याशी, बोललो. पण लॉगमध्ये खोटं लिहायला हात उठेना.’’ ते थोडं हसले. ‘‘बत्तीस वर्षांची सवय.’’

मी विचारलं. इतक्या वर्षांनी एकदाचं विचारलं. ‘‘मी ते लिहिलं म्हणून खेळ सोडलात ना?’’

‘‘हो,’’ ते म्हणाले. मला वाटलं होतं नाही म्हणतील, निदान माझ्यासाठी. ‘‘लागलं मला ते. दिवसभरात माझ्या हातून होणारं काम म्हणजे तेवढंच. तुझ्या गावात कोठार बांधलं, वहीत लिहिलं, झाला दिवस. आणि तू विचारलंस, करता काय. प्रश्न लॉगमध्ये आला की उत्तर लॉगमध्ये द्यावं लागतं. खरं लिहिता येईना, खोटं लिहायचं नाही. म्हणून वहीच मिटली.’’

मला रडू आलं. लहान मुलीसारखं, नाक वाहील असं. बाबा गडबडले, मांडीवरचा पेपरच पुढे करायला लागले. ‘‘अगं, चांगलंच झालं ते. वही मिटली त्याच दिवशी तुझ्या आईला सगळं सांगितलं. तोवर तिलाही माहीत नव्हतं.’’

मी रडता रडता थांबले. कारण फेब्रुवारी आणि माझी परीक्षा यांच्यामध्ये दोन महिने होते. त्या दोन महिन्यांत बाबा रोज वेळेवर निघत होते, आई रोज पहाटे उठत होती नाहीतर दुपारी घाईघाईने पोळ्या लाटत होती, आणि दारात उभी राहून ‘‘आज लवकर या हो’’ म्हणत होती. मला सगळं आठवत होतं. अभ्यासाच्या सुट्टीत मी त्या वेळी त्याच खोलीत, कॉम्प्युटरसमोर बसलेली असायचे.

‘‘म्हणजे आईला माहीत होतं? आणि तरी तुम्ही...’’

‘‘तिनेच सांगितलं. पोरीची परीक्षा होईपर्यंत रोजच्या वेळेला निघायचं, म्हणाली. घरात बसलात तर तिचं अभ्यासात लक्ष लागणार नाही.’’

आई केव्हा दारात येऊन उभी राहिली होती कळलंच नाही. हाताला पीठ होतं. तिने वाकून वहीत बघितलं, ती लाल ओळ तिला शोधावी लागली नाही.

‘‘मी वाचली होती ही तेव्हाच,’’ ती मला म्हणाली. ‘‘दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं होतं तुला. पण मग का दिल्या, ते सांगावं लागलं असतं.’’