दत्तोपंतांचं नाव लपलं तेव्हा

महूहून रोज पलासियाच्या ऑफिसात येऊन मोबाइलची ॲपं बनवणारी धम्मदीना तशी चिडकीच, पण त्या आठवड्यात तिचं डोकं पार उठलं होतं. काम एका दवाखान्याचं होतं. ॲपमध्ये प्रत्येक डॉक्टरचं नाव मथळ्यासारखं वर, खाली त्या दिवशीच्या भरलेल्या वेळा. नावावर बोट ठेवलं की पेशंटला नवी वेळ घेता येई. ज्यांच्याकडे त्या दिवशी कुणीच वेळ घेतलेली नाही त्यांची नुसती नावं मात्र दवाखान्याला नको होती. साहेब यशवर्धन म्हणाला, पाच मिनिटांचं काम आहे. दुसऱ्याचं कुठलंही काम त्याला पाच मिनिटांचंच वाटे.

तिनं रिकाम्या मथळ्याची उंची शून्य केली. मथळा ढिम्म हलेना. शून्य सांगितलं की फोन समजे, उंची आपणच ठरवायची, आणि ऐसपैस पट्टी मांडून बसे. हे कळेपर्यंत आठवडा सरला. शेवटी तिनं शून्याऐवजी केसाहून बारीक आकडा दिला, तेव्हा कुठे नाव गेलं. एवढ्याशा गोष्टीचे एवढे नखरे! वैतागून तिनं ॲप एकदाचं लोकांच्या फोनवर पाठवून दिलं.

मग चार दिवसांनी वडिलांचा फोन आला. तात्याराव फौजेतून निवृत्त झालेले. गुडघा दुखला की डॉक्टर दत्तोपंतांशिवाय कुणाला दाखवत नसत.

“बेटा, डॉक्टरसाब गेले का गं? ॲपमध्ये नामच नाहीये त्यांचं.”

दत्तोपंत ठणठणीत होते. त्यांच्याकडे कुणी वेळ घेतली नव्हती म्हणून नाव लपलं, आणि नाव लपलं म्हणून कुणाला वेळ घेता येईना. म्हातारे डॉक्टर रोज येऊन रिकाम्या खोलीत बसत होते. धम्मदीनाला स्वतःचीच चीड आली. तरी ती दवाखान्याच्याच नावानं खडे फोडू लागली, तशी वडिलांनी तिला थांबवलं.

“फौजेत गैरहजर माणसाचंपण नाव पुकारतात हजेरीला. हा तर हाजिर आहे.”

यशवर्धन म्हणाला, “अब मत छेड यार, क्लायंट खूश आहे.” तिनं ऐकलं नाही. सगळी नावं परत आणली आणि रिकाम्या नावाखाली एक ओळ घातली, ‘आज जागा आहे’. दवाखान्याच्या मॅनेजरशी ती तासभर भांडली, तेव्हा तो कसाबसा तयार झाला.

संध्याकाळी दत्तोपंतांच्या नावाखाली पहिली वेळ भरली. पेशंट तात्याराव. ॲपमधल्या ‘काय होतंय?’ या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘हजेरी’.