राहीने धरलेलं वल्हं

राही पाण्याला भ्यायची. तिचं माहेर हातखंब्याच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. तिथे पाणी म्हणजे विहीर, पावसात वाहणारा पऱ्ह्या आणि भाताच्या वाफ्यात पोटरीपर्यंत चढणारा चिखल. अशी मुलगी पूर्णगडच्या तरवाल्याला दिली, तेव्हा तिच्या आत्याने पाठवणीच्या वेळी एवढंच सांगितलं होतं की, खाडीच्या तोंडाकडे बघू नकोस, म्हणजे झालं.

तिने बरीच वर्षं बघितलंही नाही. नवरा आत्माराम पूर्णगडहून पलीकडे गावखडीला तर घालायचा, होडीने माणसं पोचवायचा. लांब होडी, मागे उभा राहून तो मोठं वल्हं चालवी. बाजूची दोन वल्ही उतारूंपैकीच कोणीतरी दोघे ओढत, तसा रिवाजच होता. उथळ पाण्यात वेळूची काठी, खोल पाण्यात वल्हं. त्याच्या बापाने हेच केलं होतं आणि आत्मारामलाही दुसरं काही येत नव्हतं. घर खाडीच्या इतकं जवळ होतं की, ओहोटीला समुद्र खाडीच्या तोंडावर आपटायला लागला की भिंतीवरचं सूप हलकेच थरथरायचं. राही ते सूप तिथून काढून दुसरीकडे ठेवी. पण आवाज कुठे ठेवणार?

एकोणीसशे सव्वीसच्या दिवाळीनंतर आत्माराम ताट चाचपडायला लागला. आधी फक्त तिन्हीसांजेला. मग एकदा भर दुपारी त्याने होडी धक्क्याच्या दगडावर घातली आणि उतारू हसले. तो पण हसला. घरी आल्यावर मात्र तो ओटीवर बसून राहिला आणि जेवायला उठला नाही. राहीने विचारलं तेव्हा म्हणाला, वेळूच्या नळीतून बघावं तेवढंच दिसतं, बाजूचं सगळं काळं. रत्नागिरीला जाऊन मोठ्या डॉक्टरांना डोळे दाखवले. त्यांनी दिव्याखाली बराच वेळ तपासलं, आणि नळी हळूहळू बारीक होत जाईल, औषध नाही, असं स्पष्ट सांगितलं. परतताना मांडवीच्या वाळूत दोघं टेकली. आत्माराम समुद्राकडे तोंड करून बसला होता आणि राहीच्या लक्षात आलं की, तो समोरचं गलबत शोधतोय आणि ते त्याला सापडत नाही.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

तिने सांगितलं नाही. तिथूनच सगळं सुरू झालं.

दुसऱ्या दिवसापासून राही होडीत बसायला लागली. निमित्त आत साचलेलं पाणी उपसायचं. ती पुढच्या टोकाला बसे, हातात करवंटी. वाट चुकली की करवंटी फळीवर आपटायची. एक ठोका म्हणजे होडी दर्याकडे घे, दोन ठोके म्हणजे डोंगराकडे. उतारूंना वाटे, बाई पाणी काढते आहे. मागे आत्माराम ताठ उभा असे, नेहमीसारखा, आणि तोंडाने गप्पा मारत असे. एकेका खेपेला आठ-दहा माणसं. कडेवरची मुलं, माहेरी निघालेल्या लेकी, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या कोळणी. मागचं वल्हं कुणाच्या हातात आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. राहीला ठाऊक होतं. खेप पुरी झाली की ती धक्क्यावर थोडा वेळ उकिडवी बसायची.

असं किती दिवस चालणार? नळी बारीक होत होती. म्हणून आत्मारामने तिला शिकवायचं ठरवलं. रोज उजाडताना, उतारू येण्याआधी. तो किनाऱ्याच्या खडकावर बसे आणि ती होडीत एकटी.

पहिल्या महिन्यात तिला काहीच आलं नाही. काठी चिखलात रुतायची, ती ओढून काढेपर्यंत होडी पुढे सरकायची. एकदा तर होडी पायाखालून निघून गेली आणि राही काठीला लोंबकळत राहिली, मग पाण्यात. छातीइतकंच पाणी होतं, पण तिला वाटलं संपलं. ती ओरडली नाही, ओरडायला श्वासच नव्हता. खडकावरून आत्माराम विचारत होता, काय झालं, काय झालं, आणि त्याला दिसत नव्हतं. तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर खारं पाणी. वल्हं तर त्याहून अवघड. ते मनगटात फिरवायचं असतं आणि तिचं फिरायचं खांद्यातून. होडी गोल गोल भोवंडायची. तिला आपली लाज वाटायची. आपण भाताची बाई, इथे कशाला आलो, असं ती पुन्हा पुन्हा मनात म्हणे.

एक गोष्ट मात्र तिला लवकर कळली, आणि ती आत्मारामने शिकवलेली नव्हती. काठी टेकली की खाली वाळू आहे, रेव आहे की चिखल, आणि चिखल असेल तर तो माणसाचं वजन घेणारा की गिळणारा, हे तिला हातातून समजे. लावणीच्या वाफ्यात जन्म गेलेला. हे तिने नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने तिचा तळहात हातात घेऊन चाचपला. मग म्हणाला, हे शिकायला त्याला पाच वर्षं लागली होती.

दोन वर्षं अशी गेली. सकाळी शिकायचं, दिवसा ठोके द्यायचे. शांत पाण्यात ती होडी पलीकडे नेऊ शकत होती, पण उतारूंसमोर वल्हं हातात घ्यायचं धाडस तिला झालं नाही. तिचं एक मन म्हणे, तुला येतं. दुसरं म्हणे, तुला वाटतं की येतं, आणि ज्या दिवशी खरं पाणी येईल त्या दिवशी कळेल. दुसरं मन नेहमी जिंके.

एकोणतीसच्या भाद्रपदात तिने ठोका उशिरा दिला. होडी वाळूच्या दांड्यावर चढली, आणि सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली. बघता बघता पाणी उतरलं आणि उतारू तीन तास उन्हात बसून राहिले. चिमा नावाची एक मासेवाली होती, तोंडाने फटकळ. तिचे मासे टोपलीत मऊ पडले. तिने आत्मारामला शिव्यांची लाखोली वाहिली आणि राहीलाही सोडलं नाही. राही मान खाली घालून पाण्याकडे बघत होती. बघता बघता तिला दिसलं की, सगळं पाणी समुद्राकडे धावतंय, पण दांड्याच्या आडोशाला, गावखडीच्या बाजूला, नारळाचं एक सोडण, वरचं साल, उलटं वर चाललंय. हळूहळू, खाडीच्या आत. तिला त्याचं नवल वाटलं, पण त्या दिवशी मन दुसरीकडे होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने करवंटी चुलीत घातली.

"मला येत नाय. येणार पण नाय," ती म्हणाली. "तुम्ही तरीचा मक्ता सोडून द्या."

आत्माराम जाळं विणत होता. बोटांनी गाठ चाचपून त्याने ती ओढली.

"मग उद्या मी एकटाच जाईन," तो म्हणाला.

त्यात राग नव्हता, धमकीही नव्हती. तो खरंच जाणार होता. सकाळी ती नवी करवंटी घेऊन होडीत बसली.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, हस्ताच्या पावसात ते घडलं. सकाळी ऊन होतं. होडीत नऊ उतारू. चिमा होती, आनंदीबाई नावाची बाळंतीण दीड महिन्याच्या पोराला घेऊन सासरी निघालेली, आणि गावखडीचा दादू, मीठ-मिरचीचं दुकान चालवणारा, रत्नागिरीहून बाजार करून परतणारा. खाडीच्या मध्यावर आल्यावर दक्षिणेकडचं आभाळ निळं-काळं झालं. पाऊस येताना दिसला, भिंत चालत यावी तसा. वारा आधी आला. राहीने दोन ठोके दिले, मग पुन्हा दोन. वाऱ्यात मागे एकच ठोका पोचला. आत्मारामने होडी दर्याकडे वळवली. वरून सुकतीची ओढ. होडीचं तोंड फिरलं आणि खाडीच्या मुखावरच्या पांढऱ्या लाटा सगळ्यांना एकदमच दिसल्या. आत्माराम सोडून सगळ्यांना.

राहीने आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. तिने ते आता मोठ्याने घेतलं. माणसांच्या खांद्यांना धरत ती मागे गेली आणि वल्ह्यावर हात ठेवला.

"सोडा," ती म्हणाली. "माझ्याकडे द्या."

त्याची बोटं सुटेनात. तिने एकेक बोट सोडवलं. तेवढ्यात चिमाने त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं, आणि दोन वर्षांचं सगळं तिला एका क्षणात समजलं. "याला दिसत नाय," ती हळूच म्हणाली. ते सगळ्यांनी ऐकलं.

मग होडीत जे झालं ते राहीला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. दादू उठून उभा राहिला. आंधळ्याच्या हातातून वल्हं बाईच्या हातात गेलेलं त्याने बघितलं, आणि डाव्या अंगाला दांड्याची वाळू पाण्याखाली पिवळी दिसत होती. राही म्हणाली, बसा, तिथे खाली चिखल आहे, तो पाय धरतो. तिने दोनदा सांगितलं. त्याने पिशवी छातीशी धरली आणि उडी टाकली. कमरेइतक्या पाण्यात तो उभा राहिलेला दिसला. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. मग लाट आली.

वळायला जागा नव्हती. राहीला वळताही आलं नसतं. तिने बाजूच्या वल्ह्यांवरच्या दोघांना हात थांबवायला सांगितलं आणि होडी ओढीबरोबर मुखाकडे जाऊ दिली. आनंदीबाईने पोराला पदरात गुंडाळून डोळे मिटले. सोडण जिथे उलटं जाताना दिसलं होतं ती जागा आली तेव्हा राहीने मनगटातून वल्हं फिरवलं, सगळ्या अंगाचा भार टाकून, आणि दोघांना म्हणाली, आता ओढा. होडी कलली, निम्मी पाण्याने भरली, आणि दांड्याच्या आड शिरल्यावर एकदम शांत झाली. पाणीच तिला आत घेऊन निघालं.

आठ उतारू गावखडीच्या वाळूत उतरले. दादू तिसऱ्या दिवशी सापडला.

पूर्णगडात आणि गावखडीत मग बोलणं झालं, आणि ते रास्तच होतं. दोन वर्षं आंधळ्याने आमची पोरं नेली-आणली, आणि या बाईला माहीत होतं. आत्माराम घराबाहेर पडेनासा झाला. मक्ता काढून घ्या असा अर्ज गेला, पण दुसरा कोणी त्या मुखापाशी तर घालायला पुढे येईना. लोक वरच्या उताराने, जिथे खाडी पायी ओलांडता येते तिथून, चार कोस वळसा घालून जायला लागले.

राही दादूच्या घरी गेली. त्याची बायको सावित्री ओटीवर होती. राहीने काहीही न लपवता सांगितलं: नवऱ्याला दिसत नव्हतं, मला माहीत होतं, वल्हं मी आणखी आधी धरलं असतं तर तुमचा माणूस उठला नसता, मला माझाच भरवसा नव्हता. सावित्रीने सगळं ऐकून घेतलं. मग ती आत गेली आणि दाराला आतून अडसर घातला. पुढची आठ वर्षं ती त्या होडीत बसली नाही. म्हातारी होत गेली तरी वरच्या उतारानेच जायची, आणि राहीला कधीकधी खाडीतून ती दिसायची, काठावरून चाललेली.

राहीने होडी सोडली नाही. महिनाभर रोज ती रिकामी होडी पलीकडे न्यायची आणि परत आणायची. आता उजाडताना नव्हे, भर दिवसा, सगळ्यांसमोर. भरतीत, सुकतीत, वारा असताना. धक्क्यावरची माणसं बघायची आणि तोंड फिरवायची. आणखी आधी, आणखी आधी, हेच डोक्यात घुमायचं. एका सकाळी चिमा टोपली घेऊन आली आणि काही न बोलता होडीत बसली. अर्ध्या खाडीत आल्यावर म्हणाली, "मासे मऊ पडले तर भरून घेईन."

"घे," राही म्हणाली.

चिमानंतर हळूहळू दुसरे आले. आनंदीबाई दोन वर्षांनी आली, चालत्या पोराला घेऊन. मक्त्याच्या कागदावर नाव आत्मारामचंच राहिलं, पण तर राहीची असं लोक म्हणायला लागले. ती फार बोलायची नाही. उतारूंना बसल्या जागेवरून उठू द्यायची नाही. कोणी उठलंच तर ती वल्हं थांबवी, आणि तो बसेपर्यंत होडी हलत नसे.

आपल्याला येतं असं तिला पुढेही कधी वाटलं नाही. कारण पाणीच तसं ठरू देत नव्हतं. दर पावसाळ्यात दांडा सरके. गेल्या वर्षी जिथे वाळू होती तिथे खोल, जिथे आडोसा होता तिथे लाटा. म्हणून नारळी पौर्णिमेनंतर आठ दिवस ती कोणालाही होडीत घेत नसे. एकटी काठी घेऊन जाई आणि सगळं नव्याने शिकून येई.

सदतीस सालच्या नारळी पौर्णिमेनंतर ती अशीच निघाली. आत्माराम आता पुरता आंधळा. तो खडकावर बसून काठीचे आवाज ऐकत होता. दांड्याच्या आतल्या अंगाला, गेल्या वर्षीच्या आडोशात, राहीने काठी घातली, आणि ती टेकलीच नाही. पुढे सरकून पुन्हा घातली. मनगट पाण्यात बुडालं तरी तळ नाही. मुखावर लाट फुटली आणि तिचा आवाज यंदा जवळून आला.

"काय लागलं?" आत्मारामने विचारलं.

"काय नाय," राही म्हणाली. "काय म्हणजे कायच लागत नाय."

तिने काठी वर ओढली, दोन हात मागे येऊन पुन्हा पाण्यात घातली.