बेचाळीस वर्षांचं खमीर

"जिवंत वस्तूला रविवार नसतो," असं खमीरकाका उठता-बसता म्हणत. सुट्टी मागणाऱ्याला, लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्याला, स्वतःच्या बायकोलासुद्धा.

त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि ते तिथेच राहिलं. बिअरच्या कारखान्यात खमीर सांभाळायचे, म्हणून खमीरकाका. कारखाना आताच्या मालकांच्या आजोबांच्या वेळचा. इतक्या वर्षांत छप्पर बदललं, बॉयलर बदलला, मालकांच्या तीन पिढ्या झाल्या. खमीर मात्र तेच. फिकी बिअर असो, भाजलेल्या जवाची काळी असो, नाहीतर सुगीनंतर निघणारी कडक, तिन्ही त्याच्यावरच फसफसायच्या. उघड्या टाकीवर दाट फेस चढला की काका तो झाऱ्याने अलगद काढत, थंड खोलीतल्या चिनीमातीच्या बरणीत ठेवत आणि आठवड्याच्या आत पुढच्या टाकीत सोडत. त्याहून जास्त उपाशी राहिलं तर ते मरतं. म्हणून बेचाळीस वर्षांच्या नोकरीत काका आठवडाभर कधी बाहेर राहिले नाहीत.

"माझी सवत बरणीत राहते," काकू म्हणायच्या. लोक हसायचे. काकू हसायच्या नाहीत.

यंदा फरशी बदलायची म्हणून मालकांनी कारखाना तीन आठवडे बंद ठेवला. नवा मॅनेजर म्हणाला, "काका, आता कोरडं खमीर पाकिटात मिळतं. कापा, भिजवा, ओता. तुम्हीही जरा सुटाल."

"आणि चव?"

"चव हल्ली लेबलावर कळते."

काका तडक मालकांकडे गेले. मालक म्हणाले, "घरी नेऊन जगवा. जगलं तर पहिली टाकी तुमच्या खमिराची. शब्द देतो."

काकांनी बरणी पोटाशी धरून घरी नेली. काकूंनी कुरकुरत फ्रिजचा एक कप्पा रिकामा केला. एक दिवसाआड काका जवाचं गोड पाणी उकळत, गार करत आणि बरणीत घालत. पुरतं गार झालं का ते मनगटाला लावून बघत. दोन आठवडे सगळं नीट चाललं. मग एका सकाळी ओट्यावर आपटून बरणीला तडा गेला. काकांनी हाताला लागलं ते मातीचं भांडं घेतलं, उकळत्या पाण्याने दोनदा विसळलं आणि खमीर त्यात ओतलं.

"अहो, त्यात मी दही लावते!"

"चटके दिलेत त्याला. मला शिकवू नकोस."

मातीच्या भांड्यात मुरलेलं आंबट विसळून जात नाही. हेच न कळणाऱ्या किती नवख्यांना काकांनी फैलावर घेतलं होतं! पण त्या दिवशी सांगणारी बायको होती.

कारखाना उघडला त्या सकाळी काका भांडं घेऊन हजर झाले. मालक आणि मॅनेजर टाकीपाशीच उभे होते. वर फेस टच्च उभा होता. तो पाहून मॅनेजरचा चेहरा उतरला. "जगलं की हो!"

काकांनी नाक जवळ नेलं. पिकल्या फळाच्या ओळखीच्या वासाखाली एक बारीक आंबट धार होती. दुसऱ्या कुणाला ती महिनाभर कळली नसती. बाटल्या दुकानांत गेल्यावरच बोंब उठली असती.

"गेलं," ते म्हणाले. "माझ्या हातून गेलं."

आणि नव्या फरशीच्या मोरीत त्यांनी ते स्वतः ओतलं. टाकी धुणारी बाई पाण्याची नळी घेऊन पुढे झाली, तेव्हा तिच्यामागची बादली काकांना दिसली. पाकिटातलं खमीर तिच्यात काठापर्यंत फुगलं होतं.

"हे कधी भिजवलं?"

मॅनेजर खिशात काहीतरी शोधू लागला. बाई म्हणाली, "पहाटेच, काका. मोठ्या साहेबांनीच सांगितलं."

काकांनी मालकांकडे पाहिलं. मालक म्हणाले, "अहो, खबरदारी म्हणून. ते सोडा. तुमचा फोटो हवाय. लेबलं छापायला गेलीत, 'आजोबांच्या काळापासून तेच खमीर'. फोटोपुरती जागा ठेवलीय."

"खमीर तर मोरीत गेलं."

"भांडं धरा नुसतं. आत काय आहे ते फोटोत कुठे दिसतंय?"

काकांनी भांडं जमिनीवर ठेवलं. टोपी सारखी केली आणि ओल्या फरशीवरून जपून पावलं टाकत ते निघाले.

"काका, ऊन आहे तोवर या हं परत!" मालक ओरडले आणि मॅनेजरशी बोलू लागले. काका फाटकातून वळेपर्यंत टाकी धुणारी बाई तेवढी बघत उभी होती. हातातली नळी तिच्याच पायांवर वाहत होती.