सेकंडच्या मालाचे पारखी

आमच्या शेजारच्या चेकरकाकांनी आयुष्यात एकही निर्दोष कपडा अंगाला लावलेला नाही, आणि या गोष्टीचा त्यांना जेवढा अभिमान आहे तेवढा अख्ख्या सोलापुरात दुसऱ्या कुणाला दुसऱ्या कशाचाही नसेल. काकांची सगळी नोकरी टॉवेलच्या एका कारखान्यात चेकर म्हणून गेली. विणून आलेला टॉवेल उजेडाच्या टेबलावर पसरायचा, त्यातली गाठ, तुटका धागा, आडवी रेघ हुडकायची आणि चांगला माल इकडं, दोषाचा माल तिकडं टाकायचा, हे त्यांचं काम. तिकडं पडलेल्या मालाला 'सेकंड' म्हणतात आणि तो स्वस्तात जातो. निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी फिरायला लागतात, नातवंडं सांभाळतात. काकांनी आपली नजर घराकडं वळवली. पापड तळण्याआधी खिडकीच्या उजेडाला धरायचा, चपाती ताटात पडली की उलटी करून मागची बाजू बघायची. काकू एकदा मला म्हणाल्या, "तरी बरं ताई, माज्यासंगं लगीन चेकर व्हायच्या आदी झालं. न्हायतर मला बी तिकडंच टाकलं असतं."

सेकंडचाच माल का घ्यायचा, याचं काकांचं शास्त्र आहे आणि ते गल्लीतल्या प्रत्येकानं निदान चारदा ऐकलेलं आहे. "आवो ताई, कापूस शेतातला, इणणारा माणूस. चूक व्हणारच की! बिनचुकीचं कापड जगात न्हाय. फकस्त ती चूक कुटं हाय, ते आपल्याला म्हाईत पायजे. भारी मालाची चूक घरी गेल्यावर कळती, सेकंडची दुकानातच कळती. मग शाना कोण?" या प्रश्नाचं उत्तर ऐकायला ते थांबत नाहीत. त्यामुळं काकांच्या प्रत्येक कपड्यात एक दोष आहे आणि प्रत्येक दोषाचा पत्ता त्यांना तोंडपाठ आहे. राखाडी पँटचा मागच्या खिशाखाली, चौकड्याच्या शर्टचा कॉलरच्या आत. लग्नाकार्याला घालायचा एक मोतिया रंगाचा सदरा आहे, त्याचा उजव्या बगलेत. "हितं एक धागा तुटलाय," ते समोरच्याला न विचारता सांगतात, "पन हात वर केला तरच दिसतंय. आन मला कशाला हात वर करायचाय?"

तो सदरा घातला की काकांचा उजवा हात खरोखरच कोपराच्या वर जात नाही. लग्नात सगळे वधूवरांवर फुलं उधळतात, काका कमरेपासून कुंडीला पाणी घातल्यासारखी टाकतात. एकदा गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक टाकावा की नाही यावर मंडळाची बैठक भरली. बैठकीनंतर जेवण होतं, म्हणून काका सदरा घालून आले. हात वर करून मतं मोजली तेव्हा त्यांचा हात कानाच्या पाळीपर्यंतसुद्धा पोचला नाही, मोजणाऱ्याला वाटलं ते डोकं खाजवताहेत, आणि ठराव एका मतानं पडला. आजही आमच्या दारावरून मोटारसायकली भरधाव जातात. मी चिडून बोलायला गेले तर म्हणाले, "ताई, डावा करणार हुतो, पन डाव्या हातात जेवणाचं ताट आदीच धरलं हुतं की."

काकांना घेऊन कापड दुकानात जाणं हा वेगळाच सोहळा असतो. सणाच्या तोंडावर ते कधी जात नाहीत, उपाशीपोटी तर नाहीच. दुपारचं जेवून जायचं, दुकानदारही जेवून पेंगुळलेला असतो, तेव्हाच तो खरं बोलतो असा त्यांचा दावा. गेल्या गेल्या सदरा असो, साडी असो, आधी उलटी करायची, शिवण बघायची, आत दाबलेलं कापड किती आहे ते मोजायचं. पिशवीत एक ओला रुमाल असतो, तो कापडावर घासून रंग जातो का बघायचं. मग ट्यूबलाइटखाली सगळंच गोरं दिसतं म्हणून कापड घेऊन रस्त्यावर उन्हात यायचं. नवीन दुकानदार चोर समजून मागं धावतो. पँट घेताना ते ती घालून दुकानातच मांडी घालून बसतात, उठतात, पुन्हा बसतात. 'एकावर एक फुकट' अशी पाटी दिसली की फुटपाथ बदलतात.

गरम कपडे उन्हाळ्यातच घ्यावेत, तेव्हा ते स्वस्त असतात, हाही त्यांचाच नियम. एका वैशाखात, सोलापुरात सावलीसुद्धा घामाघूम होते अशा दुपारी, त्यांनी दुकानात एकामागून एक सात स्वेटर घालून पाहिले. सातव्याला त्यांचा चेहरा असा लालबुंद झाला की दुकानदारानं पंखा त्यांच्याकडं फिरवला, पाणी पाजलं आणि घासाघीस न करता मागतील त्या भावात स्वेटर देऊन त्यांना रिक्षात बसवलं. माझ्या लेकीनं, प्रज्ञानं, त्यांना फोनवरून कपडे कसे मागवतात ते दाखवलं तेव्हा ते बराच वेळ पडद्यावरचा शर्ट न्याहाळत राहिले, आणि मग त्यांनी फोनच उलटा करून मागची बाजू बघितली.

मी हसते खरी, पण मीही शहाणी नाही. एका वर्षी काकांना चुकवून मी सेलमधून झगझगीत लाल पंजाबी ड्रेस आणला. पहिल्याच धुण्यात त्यानं आमच्या ह्यांच्या झाडून सगळ्या बनियनी गुलाबी केल्या. काका रोज सकाळी आमच्या दोरीसमोर थांबायचे आणि म्हणायचे, "रंग बाकी झ्याक बसलाय." तेव्हापासून आमच्या घरात काकांशिवाय खरेदी झालेली नाही. मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून, ह्यांचं रिक्षाचं काम. दोन्ही पोरं शाळा-कॉलेजात कायम नीटनेटकी दिसली ती काकांमुळं, हे मी कबूल करते.

प्रज्ञाचं लग्न ठरलं तेव्हा साडीचा प्रश्न आला. आमच्यात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यात उभे राहतात. मोठ्या दुकानात तिला एक पांढरी रेशमी साडी आवडली होती, बारीक सोनेरी काठाची, पण ती आमच्या आवाक्यातली नव्हती. पोरीनं ते तोंडानं काढलं नाही, एवढंच म्हणाली, "काकांना घेऊन जाऊ. ते शोधतील." त्याच आठवड्यात काकू माझ्याकडं साखर मागायला आल्या आणि दारातच थांबल्या. "ताई, ह्यांना डोळं दाखवा म्हंते तर ऐकत न्हाईत. चेकरच्या डोळ्यात कसला दोष निगतोय, म्हंत्यात. काल दुधाच्या पिशवीऐवजी ताकाची आनली." माझ्याही लक्षात आलं होतं. पूर्वी माझ्या साडीचा उसवलेला फॉल गल्लीच्या टोकापासून सांगणारा माणूस हल्ली फाटकात मला बघून "कोन हाय?" विचारत होता. पण प्रज्ञाला नको म्हणणं म्हणजे काकांना नको म्हणणं, आणि ते माझ्यानं झालं नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, काकांच्या ओळखीचं एक दुकान आहे. मालक म्हातारे, तेलुगू बोलणारे, त्यांचीही हयात माग चालवण्यातच गेलेली. त्यांच्याकडं सेकंडच्या साड्यांचा ढीग असतो. त्या ढिगातून प्रज्ञानं हुबेहूब तशीच एक काढली, पांढरी, सोनेरी काठाची. काका ती घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात बसले. ओला रुमाल झाला, उलटी बाजू झाली, मग पुढून मागं सगळी साडी त्यांनी डोळ्यांसमोरून नेली. फार वेळ लागला. मी, प्रज्ञा आणि मालक उभे. शेवटी ते उठले आणि म्हणाले, "हिच्यात कायबी दोष न्हाय."

मी काकांच्या तोंडून हे वाक्य कधीच ऐकलं नव्हतं. आणि नेमकी तेव्हाच मला एक रेघ दिसली. पदराच्या टोकापासून वीतभर आत, दोन बोटं लांब, विरळ झालेली. पांढऱ्यात पांढरी, पण उन्हात स्पष्ट. मालकांनाही दिसली होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. बोलावं तर पोरीसमोर, पायरीवर, भर रस्त्यात काकांचं सगळं आयुष्य खोटं पडणार. न बोलावं तर लग्नाच्या साडीत दोष. तेवढ्यात काका मालकांवरच उखडले. "शेट, तुमी चुकलासा! ही ढिगात कशी टाकली? ही फर्स्टची साडी हाय. फर्स्टच्या भावानं द्या. लेकीच्या लग्नात कुनाला फसवून न्यायची न्हाय आमाला."

दोषाची साडी, तीही पूर्ण किमतीला, आणि मोठ्या प्रामाणिकपणानं! मालकांनी साडी हातात घेतली. मग शांतपणे घडी घालत म्हणाले, "काका, तुमी सांगिटलं म्हंजे फर्स्टच. पन माझी चूक झाली की नाई? ढिगात गेली, आता ढिगाचाच भाव. माझ्या चुकीचं पैसं मी ताईकडून कसं घेऊ?" काका तरीही कुरकुरत राहिले. मी त्या मालकांना मनातल्या मनात हात जोडले. प्रज्ञा सगळं बघत होती. रिक्षात माझ्या कानाशी म्हणाली, "मम्मी, मला दिसलं. हीच हवी."

लग्नात मी पदराची एक घडी आत मुडपली आणि पिन लावली. त्रिशरण, पंचशील झालं, फुलं पडली. काकांनी मोतिया सदऱ्यात, नेहमीप्रमाणं कमरेपासून टाकली. मग प्रज्ञा आशीर्वादाला त्यांच्यासमोर आली. ती उंच, काका ठेंगणे. उंच झाल्यापासून तिला सवय, त्यांच्या कोपराच्या उंचीपर्यंत वाकायचं, मग ते डोक्यावर हात ठेवायचे. पण आधी काकांची बोटं सवयीनं पदराकडं गेली. अंगठा आणि तर्जनीत कापड धरून ते सरकवत गेले, बोटं घडीत शिरली आणि नेमकी त्या जागी थांबली. बोटं पुढं गेलीच नाहीत. डोळ्यांनी चुकवलं ते बोटांना सापडलं होतं.

ते माझ्याकडं वळले. आवाज अगदी हळू. "ताई, हितं हाय न्हवं?"

"व्हय, काका."

"तवाच दिसलं हुतं?"

मी मान हलवली. "तुमीच म्हणता की, कुटं हाय ते म्हाईत असलं म्हंजे झालं."

काकांनी पदर सोडला. काकूंकडं बघून म्हणाले, "सोमवारी डोळं दाखवून येऊ." मग प्रज्ञा वाकायला लागली तशी त्यांनी तिला थांबवलं. "वाकू नगं, बाई. आज वाकायचं न्हाय." आणि चेकरकाकांनी भरल्या मंडपात, सगळ्या दिव्यांच्या उजेडात, मोतिया सदऱ्याचा उजवा हात पूर्ण वर केला आणि टाचा उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. इतकी वर्षं ज्याच्याबद्दल ऐकत आले तो बगलेतला तुटका धागा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. एवढासाच होता हो.