फादरच्या कडेवरचा हंडा

गेल्या मंगळवारी सकाळी, ऐन गणिताच्या पेपरला, आमच्या वस्तीतल्या शेवंतावर अन्याय झाला. करणारे दोघे: एक तिचा बाप, दुसरे फादर. फादर गरीब मुलींची शाळा चालवतात आणि पोर वर्गात दिसली नाही की थेट तिला शोधत येतात.

शेवंता सापडली नळाच्या रांगेत. "हंडा दे आणि पेपरला पळ," म्हणत फादर पांढऱ्या झग्यात, हंडा कडेवर घेऊन उभे राहिले. बायांना चेवच आला.

"फादर, चुंबळ देऊ का?"

"माझं तान्हं रडतंय हो, मी पुढं जाऊ?"

"जा ना, बाई."

असं करत सगळी रांग पुढे गेली आणि पाणी गेलं. देवाच्या दारी मागे राहणं शोभत असेल, नळावर नाही! रिकामा हंडा बघून कट्ट्यावर दात घासणारा बाप गरजला, "उद्यापासून शाळा बंद!" आणि घरात उरलेल्या शेवटच्या तांब्याभर पाण्यानं खळखळून चूळ भरली.

बुधवारी उजाडायच्या आत शेवंताचा हंडा घेऊन फादर नळावर हजर.

"फादर, माझं तान्हं..."

"त्याला माझा आशीर्वाद. नंबर माझा!"

हंडा भरला, शेवंता शाळेत गेली. वस्ती अजून हसतेय. झगेवाल्याच्या कडेवरचा हंडा सगळ्यांना दिसला; शेवंताच्या कडेवर तो रोज असतो, तेव्हा आपण आंधळे.

तुमच्या घरी पाणी कोण भरतं? उद्या हंडा तुम्ही उचला. आणि नंबर सोडू नका!