एकसुद्धा दाणा नाही

बडोद्यात कुठं जेवायला जावं, हे मला विचारण्यात अर्थ नाही. अमक्याकडची कढी, तमक्याकडचा श्रीखंड-पुरीचा बेत, नव्या उघडलेल्या चकचकीत हॉटेलातल्या मऊ मऊ खुर्च्या, यातलं मला काही सांगता येत नाही. मी हॉटेल पास-नापास करते ते एकाच प्रश्नावरून. बसायच्या आधी विचारते, "भाई, आमां सींगदाणा छे?" यात शेंगदाणा आहे का? जो हसून "कुछ नहीं होगा, बेन," म्हणतो, तो नापास. जो म्हणतो, "मने खबर नथी, रसोडामां पूछीने कहुं," म्हणजे मला माहीत नाही, आत विचारून सांगतो, तो पास. मग डाळ गोड असो की खारट, माझं मेलीचं काय जातंय!

माझ्या लेकीला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. पोटात गेला की घसा सुजतो आणि श्वास अडकतो. ती लहान असताना चिक्कीच्या एका तुकड्यानं आम्ही ते बघितलंय.  आणि राहायचं कुठं, तर गुजरातेत, जिथं फरसाण तळायचं तेलही शेंगदाण्याचं. आम्ही मराठी तरी कुठं कमी आहोत म्हणा. कुटाशिवाय आमची कोशिंबीर होत नाही आणि वांगं भरलं जात नाही. आमच्या गोत्री भागातल्या घरातून मी कूट कायमचा घालवला. पण जगातून कसा घालवणार?

म्हणून माझ्या पर्समध्ये चष्म्याची एक जुनी केस असते. तिच्यात डॉक्टरांनी दिलेली औषधाची काचेची कुपी आणि सिरिंज. कुपीची मान मोडायची, औषध ओढून घ्यायचं आणि सरळ मांडीत टोचायचं. डॉक्टरांनी मला आणि लेकीला मोसंबीवर सराव करायला लावला होता. मोसंबीवर माझा हात एकदाही थरथरला नाही.

यंदा ती बारावी झाली. कॉलेज सयाजीगंजला, आणि तिथं गल्लोगल्ली खायची दुकानं. "मी मैत्रिणींबरोबर बाहेर खाणार," तिनं आधीच जाहीर केलं. मी म्हटलं, डबा नेशील. तर म्हणे, "आई, तू काय जन्मभर माझ्या ताटाशी बसणार आहेस?" मनात आलं, हो, बसणार आहे.  रात्रंदिवस एकच विचार, की ही तिथं कोपऱ्यात घुसमटली तर कुणाला काय कळणार.

निकाल चांगला लागला म्हणून एका रविवारी दुपारी थाळी खायला जायचं ठरलं. लेक, मी, हे आणि ह्यांची थोरली बहीण. नणंद प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समधून मुद्दाम आली. भाचीवर तिचा फार जीव.

हॉटेल पास झालं. मॅनेजरनं खरंच आत जाऊन विचारलं, परत येऊन सांगितलं की फरसाण सींगतेलात तळलंय, ते बेबीला नको, बाकी सगळं कपासियाच्या, म्हणजे सरकीच्या तेलातलं. वाढप्यांना बोलावून त्यानं माझ्यासमोर बजावलं. "आल्या इन्स्पेक्टरबाई," असं म्हणून हे हसले. हसा म्हटलं.

पण थाळीच्या हॉटेलात माणूस निवांत जेवेल तर शपथ. वाढपी फिरतच असतात, नको म्हणेपर्यंत वाढून मोकळे होतात, आणि वर "एक तो लो, बेन" असा आग्रह. भजी आली की मी लेकीच्या ताटावर आडवा हात धरायची. कचोरी आली की पुन्हा. माझं स्वतःचं जेवण केव्हाच गार झालं होतं. "आई, हात काढ ना, लोक बघताहेत," लेक दातओठ खाऊन म्हणाली. बघू देत मेले. माझी नजर त्या वाढप्यांच्या हातांवरून हलत नव्हती.

इकडे नणंदेनं डाळीचा एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अगं बाई, ही डाळ की पाक?" आणि सवयीप्रमाणे पिशवीतून डबी काढली. आमच्याकडे ही जुनीच रीत आहे. गुजराती जेवायला निघालं की लसणीची सुकी चटणी बरोबर असायचीच, नाहीतर ती गोड डाळ आमच्या माणसांच्या घशाखाली उतरत नाही.

"हे बघ, तुझ्यासाठी मुद्दाम वेगळी केली," ती भाचीला म्हणाली. "तीळ नि खोबरं. एकसुद्धा दाणा नाही!"

तेवढ्यात एक वाढपी कचोरीची थाळी घेऊन आमच्याकडे वळला आणि मी त्याला अडवायला हात वर केला. लेकीनं चटणी भातावर घेतली. आत्याला मी काय विचारणार? ती तर घरचीच.

चार घास झाले असतील नसतील. लेक खाकरली. पाणी प्याली. पुन्हा खाकरली आणि ओठ चोळायला लागली. "आई," ती म्हणाली, आणि तो आवाज तिचा नव्हता. घोगरा, जाडा. मानेवर लाल गांधी उठत होत्या.

पुढचं मला सलग सांगता येत नाही. हे उठून गाडीकडे धावले. नणंद "काय झालं, अगं काय झालं" म्हणत राहिली. मी केस उघडली, कुपी हातात घेतली, आणि माझे हात असे थरथरायला लागले की ती मोडेचना.  लेकीच्या छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज येत होता आणि मी, एवढी जगाला दरडावणारी बाई, रडत होते. देवा, आता नको, आता नको.

लेकीनंच माझ्या हातातून कुपी काढून घेतली. मान मोडली. सिरिंजमध्ये औषध ओढलं, उजेडाकडे धरून बघितलं, आणि जीन्सवरूनच मांडीत टोचलं. तसं करताना तिचे ओठ सुजून वेडेवाकडे झाले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात हलला नाही. मॅनेजर आणि एक वाढपी, ज्याला मी मघाशी हाकललं होतं तोच, तिला उचलून गाडीपर्यंत घेऊन आले.

दवाखान्यात संध्याकाळपर्यंत ठेवलं. तिचा श्वास मोकळा झाला तेव्हा कुठं माझा झाला. बाहेर बाकावर नणंद पदर तोंडाला लावून बसली होती. "नव्हता गं घातला दाणा, देवाशपथ नव्हता," तिचं एकच चाललं होतं. मग मध्येच थांबली आणि माझ्याकडे बघत सांगायला लागली. सकाळी न्याहारीच्या साबुदाणा खिचडीसाठी तिनं कूट केला होता. मिक्सरचं भांडं नुसतं पुसून घेतलं आणि त्यातच चटणी फिरवली.   माझा संताप झाला होता, पण तो कुणावर काढू ते सुचेना, कारण अख्ख्या हॉटेलला विचारलं आणि तिला तेवढं मी विचारलं नव्हतं.

कॉलेज सुरू झालं आणि व्हायचं तेच झालं. "आज मैत्रिणींबरोबर जेवायला जाते," तिनं सकाळी सांगितलं. चष्म्याची केस आता तिच्या सॅकमध्ये असते. मी "जा" म्हटलं. कसं म्हटलं ते माझं मला ठाऊक. मग दुपारभर फोन मांडीवर घेऊन बसून राहिले. टीव्ही लावला, बंद केला. रस्त्यावर अँब्युलन्सचा आवाज आला तशी उठून गॅलरीत गेले. सयाजीगंजची अँब्युलन्स गोत्रीत कशाला येईल? पण भीतीला कुठं कळतं.

फोन वाजला. तिचा नंबर बघून मी पहिल्याच रिंगला उचलला.

"आई, काही झालं नाही, आधी ते ऐक," ती म्हणाली. मागं रिक्षांचा गोंगाट होता. "मॅनेजर म्हणाला, कुछ नहीं होगा. आम्ही सगळ्याच उठून बाहेर आलो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई? ऐकतेयस ना? भूक लागलीय. चौघींना घेऊन घरी येतेय, काहीतरी कर."

"ये," एवढंच म्हटलं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. कढई सकाळीच घासून पालथी घातलेली होती. ती मी पुन्हा घासायला घेतली.